कागदाला हात लावायचा नाही

सर,

तुम्हाला जाऊन सत्तावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला काही लिहावंसं वाटलं नाही, ते आज वाटतंय, आणि तेही भांडायला. रविवारची दुपार आहे, जेवण अंगावर आलंय, तरी झोप नाही. चार वेळा उठलो, धड असलेल्या पेन्सिलींना पुन्हा टोकं काढली. या सगळ्याला कारण एक ट्रेनिंग.

हसू नका. शाळांत जाऊन शिकवणाऱ्या कलाकारांना आता ट्रेनिंग असतं. माझी व्यंगचित्रं छापणारे पेपर एकेक करत माझ्यापेक्षा विनोदी झाले, तेव्हापासून मी आठवड्यातून दोन दिवस उचगावच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. तर आम्हा वीसेक जणांना तीन दिवस एका हॉलमध्ये बसवलं. पहिल्या दिवशी डोळे मिटून आपल्यातलं मूल शोधायचं होतं. शेजारी कुरुंदवाडचा साठीचा ढोलकीवाला होता. त्याला विचारलं, सापडलं का? म्हणाला, "मला चार नातवंडं हाईत पावणं, आनी एक कशाला शोधू?" दुसऱ्या दिवशी पुण्याहून आलेल्या प्रशिक्षक बाईंनी फळ्यावर एकच ओळ लिहिली: मुलांच्या कागदाला हात लावायचा नाही. ढोलकीवाला उठलाच. "बाई, पोरांची बोटं हातात धरल्याबिगर बसतच न्हाईत की." बाई शांतपणे म्हणाल्या, "बोटं धरा ना काका. फक्त त्यांच्या ढोलकीवर तुम्ही वाजवून, हे त्यांनी वाजवलं असं सांगू नका." सगळा हॉल हसला. मी नाही हसलो, कारण मला तुम्ही दिसलात.

मी सातवीत आहे. मंगळवार पेठेतली आपली शाळा, रंगाच्या पाण्याचे डबे, तुमच्या तपकिरीचा वास. स्पर्धेसाठी मी दूधकट्टा काढलाय. धार काढणारा गवळी, पेले घेऊन उभी माणसं आणि मधोमध म्हैस. म्हैस हसतेय. गवळी ज्या ऐटीत बसलाय, त्यालाच हसतेय. तुम्ही मागून येता, बराच वेळ बघत उभे राहता. "म्हस हसती व्हय रं?" मी म्हणतो, "ही हसती सर." "सरक तिकडं." मी सरकतो. तुम्ही बाकावर बसता, ब्रश घेता आणि दहा मिनिटांत त्या म्हशीचं असं काही करता की बघणाऱ्यानं किती लिटर देते म्हणून विचारावं. हसू गेलं. मग गवळी बदलला, माणसं बदलली, आभाळसुद्धा बदललं. पहिला नंबर आला. प्रार्थनेनंतर मुख्याध्यापकांनी माझं नाव पुकारलं तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या तुम्ही वाजवल्यात, आणि त्या का ते मला तेव्हाही कळत होतं. आईनं ते चित्र काचेत बसवून घेतलं. अजून भिंतीवर आहे. त्यात माझं काय, तर गवळ्याचं एक पायताण. अशा दुरुस्तीला आपण हात फिरवणं म्हणायचो. 'सरांनी हात फिरवला' म्हणजे भाग्यच. पुढं जन्मभर मी हसणाऱ्या म्हशीच काढल्या, नावं तेवढी पुढाऱ्यांची दिली.

हे सगळं मी बाईंना चांगलं तिखटमीठ लावून सांगणार होतो, तुमच्या नावानं हॉल हसवणार होतो. तेवढ्यात ट्रेनिंग संपलं, आणि पुढच्या आठवड्यात त्या माझा वर्ग बघायला आल्या. तास संपल्यावर म्हणाल्या, "सर, तुम्ही आज नऊ वेळा मुलांच्या हातातून पेन्सिल घेतलीत. लक्षात आलं का तुमच्या?" मी म्हणालो, "शाळेत पेन्सिली कमी आहेत." त्या हसल्या नाहीत. "त्यातल्या सहा वेळा एकाच मुलीच्या."

ती मुलगी सातवीतलीच. बाप फौंड्रीत. हात असा की तिनं ओढलेली रेघ पुसायचं धाडस मला होत नाही, पण पुढं ओढायचा मोह होतो. ती चित्र अर्ध्यावर आणते, माझ्यापुढं ठेवते आणि दोन्ही हात उचलून घेते, ताट पुढं सारावं तसं. मग मी सुरू होतो. बाईंनी सगळ्यांना काम दिलंय: महिन्याभरात एका मुलाचं एक चित्र आणायचं, शिकवणाऱ्याचा हात न लागलेलं. मी तिलाच निवडलं. गुरुवारी तिनं शाळेच्या नळावरची गर्दी काढायला घेतली. तीन पोरी, एक बादली, आणि पुढं नेहमीसारखं रिकामं. कागद माझ्यापुढं आला. मी हात खिशात घातले.

"सर, हात फिरवा की."

"तूच कर पुरं."

"मला येत न्हाई."

"येतंय तुला."

ती बसून राहिली. मीही. घंटा झाली तरी बादलीत थेंब पडला नव्हता. दप्तर भरताना खाली बघत म्हणाली, "माझ्यावर चिडलाय व्हय सर? मी काय चुकलो?"

ट्रेनिंगच्या फाईलमध्ये याचं उत्तर नाही. मी सगळी पानं उलटून पाहिली. उद्या सोमवार, उद्या ती पुन्हा कागद पुढं ठेवणार. हात लावला तर एखाद्या दिवशी तिलाही बक्षीस मिळेल आणि काचेत बसलेल्या चित्रात स्वतःचं काय ते तिला शोधावं लागेल. नाही लावला तर ती चित्रच सोडेल, अशी भीती वाटते. तोंडी सांगावं म्हटलं, तर माझं तोंड फक्त लोकांची खोड काढायला चालतं.

तुम्ही गेलात तेव्हा मी घरी भेटायला आलो होतो. भिंतींवर तुमचं एकही चित्र नव्हतं. काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, "घरी कुठलं काढत होते? सगळी शाळेत." मला वाटलं, शाळेत कुठंतरी गठ्ठा असेल. तो गठ्ठा म्हणजे आम्हीच होतो, तुम्ही आमच्याच कागदांवर चित्रं काढत होतात, हे कळायला मला पुण्याच्या बाईंनी नऊ मोजून दाखवावे लागले. पेपरांचं काम बंद झाल्यापासून मीही घरी काही काढलेलं नाही, सर. जे काढलं ते उचगावात.

म्हणून भांडायला बसलो होतो, ते नीट जमलं नाही. पत्ता लिहायचा नसला की पत्रात खोटं बोलायची सोय राहत नाही. तेव्हा एक सांगून टाकतो, जे बाईंना सांगितलं नाही आणि तुम्हालाही कधी सांगितलं नाही. आठवी-नववीत मला सावली काढता येत होती. झाडाची, घराची, माणसाची, सगळी. ती मी मुद्दाम उलट्या बाजूला टाकायचो, म्हणजे तुम्ही माझ्या बाकावर येऊन बसाल.