जानरावची कैचीवाली गिटार

मालेगाव, शुक्रवार

साडूभाऊ शेषराव यांना जानरावचा मनापासून रामराम.

तुमची कंबर आता कशी आहे? संगीताबाईच्या गुडघ्याले तेल लावणं चालू आहे ना? इकडे सगळे खुशाल (जवळपास सगळे). फोन काहून नाही केला, असं म्हणसान. फोनवर तुमी मधातच हसता अन् माणसाचं सांगणं राहून जाते. म्हणून कागदावर सावकाश लिहून राह्यलो. बबलूची जीप आज तुमच्या अनसिंगले जाते, त्याच्या हाती देतो.

तर आपली गिटार झाली. तुमी दिवाळीत सगळ्या सोयऱ्यांपुढं म्हणले होते, की जानरावच्या गिटारवर भाकरी थापता येतील. मी बी तिथंच म्हणलो होतो, की तुमच्या लखनच्या साखरपुड्यात माझी साधना बापाच्या हातच्या गिटारवर वाजवन. साखरपुडा परवा रविवारी. पोरीनं वाशिमच्या कॉलेजात सगळ्यांले सांगून ठेवलं, गाणं बी बसवलं. आता इज्जत माझ्या एकट्याची राह्यली नाही.

बाजारची गिटार कोणीबी आणते. मी जुन्या घडणीची केली. मोबाईलवर एक दाढीवाला परदेशी म्हातारा दाखवते. वरची फळी पापडासारखी पातळ, अन् तिच्या पोटाले आतून दोन पट्ट्या कैचीसारख्या एकमेकीवर आडव्या. आता कैची मले कोण शिकवणार? या भागातल्या निम्म्या गोठ्यांची छपरं माझ्याच कैच्यांवर उभी आहेत. चिकटवायचा सरस शिजवायले रंगूनं घरातलं गंज-पातेलं दिलं नाही (जनावराच्या कातड्याचा असते म्हणे), म्हणून रंगाच्या डब्यात, अंगणात शिजवला. पट्ट्या चिकटेपर्यंत दाबून ठेवायले बांबूच्या कमच्या वाकवून फळी अन् छताच्या मधात अडकवायच्या असतात. म्हाताऱ्याच्या घराले पक्कं छत आहे, आमच्याले टिनं, एवढाच फरक पडला. कमच्यांनी टिन उचललं, टिनावरचा दगड घरंगळून शेजारच्या वीरेंद्रच्या कुरड्यांच्या वाळवणात पडला. वीरेंद्रची बायको अजून आमच्याशी बोलत नाही. पट्ट्या मात्र अशा चिकटल्या की विचारू नका.

तारा लावल्या, तर आवाज पाटावर बुक्की मारल्यावानी. तुमी हसान, पण यात कारागिरीचा दोष नाही, मजबुती थोडी जास्त झाली. पट्ट्या मी गोठ्याच्या हिशेबानं धरल्या होत्या. त्या आतून घासून बारीक कराव्या लागणार होत्या, अन् माझा हात भोकातून जाईना, कारण भोक मी बशी ठेवून नाही, कप ठेवून आखलं होतं (जुन्या घडणीले लहानच शोभते). रंगूचा हात बारीक. आज सकाळी तारा ढिल्या करून तिनं साबण लावून हात आत घातला, काचपेपर घेतला अन् मी सांगन तिथं घासत गेली. मी वरून टिचकी मारायचो, ती आतून घासायची. असं करता करता फळी एकदम बोलायले लागली. शेषराव, मले भरून आलं, खोटं कायले सांगू. रंगूनं बी घासणं थांबवून फळीले कान लावला.

तवा रविवारी पुढच्या रांगेत बसा अन् भाकरीचं पीठ घरीच ठेवा.

तुमचा,
जानराव

ता.क. रंगूचा हात अजून आतच आहे. हात घालताना दंडाकडं वर सारेल बांगड्या खाली घसरल्या अन् भोकाच्या आतल्या अंगानं आडव्या झाल्या. सकाळपासून गिटार मांडीवर घेऊन ती माझ्या बाजूलेच बसली आहे, फोन केला तर ऐकन, म्हणून पत्र. बांगड्या न फोडता उतरवायले तुमच्या गावची कासारीण बबलूच्याच जीपमधी पाठवून द्या. आमच्या इथली बोलावली तर गावभर करन.

ता.क. दुसरा. तुमी म्हणसान, बांगड्या फोडून मोकळे व्हा. रंगू बी तेच म्हणते, सकाळपासून पक्कड मागून राह्यली. पक्कड मी लपवली. मी अंधश्रद्धेचा माणूस नाही, गिरहणात बी जेवतो. पण नवरा जिता समोर बसेल असताना बायकोच्या हिरव्या बांगड्या फोडायच्या, हे मले झेपत नाही. मी म्हणलो, गिटारच कापतो. करवत उचलली, तर ही बाई, जिनं गंज दिलं नव्हतं, गिटार पोटाशी धरून बसली. म्हणते, पोरीचा रविवार आहे, करवत लावून तर पाहा.

ता.क. तिसरा. तिनं खांद्यावरून सगळं वाचलं. म्हणते, तुमी मरायले भेता अन् मी रविवारले. कासारीण आली तर ठीक, नाही आली तरी आमी येतोच. साधना वाजवन अन् रंगू हात आत ठेवून तिच्या बाजूले बसन. दोन खुर्च्या एकमेकीले चिटकून मांडा.