सावडीला रामराम

१४ जून
यंदा परंदवडीच्या खाचरात सावड बंद. आज आपण त्यांच्या चिखलात राबायचं, उद्या त्यांनी आपल्या. शी! वर दुपारी बांधावर भाकरी, आणि तंबाखू मळलेल्या हातांनीच वाढतात. आख्खी नोकरी विमा कंपनीत काढली, धोका मला लांबून कळतो. २०३५ला मजूर औषधालाही मिळणार नाही. म्हणून भातलावणीचं मशीन आत्ताच बुक केलं.

२२ जून
देवळात प्रोजेक्टर लावून भाषण दिलं : 'शेतीपुढचे उद्याचे धोके'. लोक माना हलवत होते. दोघे झोपेत हलवत होते, ते सोडा. शेवटी मारुती आबांनी विचारलं, "दिगू, आमच्या लावनीला कदी येतुयास?" मी सावडीतून बाहेर पडल्याचं सांगितलं. आबा "बरं" म्हणाले. पटलं असावं.

६ जुलै
चंद्रिका येसूबाईंच्या लावणीला गेली. हल्ली रोज कुणाकडे तरी जाते. गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन घरात आली. बाथरूम बघवत नाही. बायको असून हिला माझं भाषण कळलं नाही! तुझ्या वेळेला काही किंमत आहे की नाही, असं विचारलं. तिने पाय माझ्या टॉवेलला पुसले.

१२ जुलै
मशीन आलं. मशीनवाला उमेश म्हणतो, "भाऊ, ट्रेमदली रोपं कुटं हायत? ही जमिनीतली चालत न्हाईत." आलं तसं परत गेलं. घाणेरडी सर्व्हिस! ट्रेचं बुकिंगच्या वेळीच सांगितलं होतं म्हणे. असेल. तेव्हा मी २०३५चा विचार करत होतो.

१५ जुलै
रोपं पिवळी पडत चाललीत. ती गेली तर घरचा इंद्रायणी गेला, वर्षभर दुकानातला तांदूळ. पार देहूरोडपर्यंत फिरलो, एक मजूर मिळाला नाही. म्हणजे माझा अंदाज तंतोतंत खरा! फक्त टंचाई जरा लवकर आली, आणि माझ्याच खाचरात. शेजारची सगळी लावून झालेली. किळस आली बघून.

१८ जुलै
सकाळी सगळे लावणीला हजर! भाषणाचा परिणाम, दुसरं काय. दुपारपर्यंत अर्धं खाचर लावलं आणि हातपाय धुवायला लागले. "सूनबाईचं फिटलं. तुजं न्हाई," आबा म्हणाले. उरलेल्या अर्ध्यासाठी उद्या मी आबांच्या वरच्या, अजून राहिलेल्या खाचरात लावणी करायची, मग परवा ते येणार. माझ्याऐवजी चंद्रिका येईल म्हटलं. ती सगळ्यांसमोर नाही म्हणाली. आबांनी विचारलं, "वाकाया यील नव्हं?" मी हो म्हणालो. घरी येऊन आरशासमोर वाकून पाहिलं.

चंद्रिकाने सरळ केलं.