दुसरी सही

४ जानेवारी, रविवार
मनवेलपाड्याच्या बाजारात सुमनकाकू. राजेळी केळी घेऊन बसल्या होत्या. त्यांना नेहमी वाडीवर, मंडळाच्या सभेतच बघितलेलं, म्हणून मी भलत्याच उत्साहाने "काय काकू!" केलं. काकूंनी केळी तोलता तोलता विचारलं, "तू त्या कागदात माझ्यावर खोटं का लिहिलंस?"

कागद म्हणजे दिवाळीत मी मंडळाला दिलेला माझ्या प्रबंधाचा चार पानी सारांश. नाव कुणाचंच नाही त्यात. एवढंच आहे की नव्या पंपाच्या ठरावाच्या वेळी एक सभासद सभा संपायच्या आधी निघून गेल्या आणि बाकीच्यांनी एकमताने मंजुरी दिली.

"मी निघून नाय गेले. सभा झाली, सगळे गेले, मी सतरंज्या झटकल्या, मग गेले."

"पण काकू, उठतानाची तुमची सही नाहीये वहीत."

"नाय. नाय केली." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

घेतलेली केळी तशीच टेबलावर.

५ जाने.
किती बुडालंय ते एकदा सरळ शब्दांत लिहून बघते.

नियम कसे ठरवायचे याचाही एक नियम असतो, आणि त्याची किंमत कुणीतरी मोजतं. बहुमताने ठरवलं तर काम पटकन होतं, पण हरलेला भरडला जातो. सगळ्यांचा होकार घ्यायचा तर कुणी भरडलं जात नाही, पण ठरवण्यातच वर्ष सरतं. यातलं काय कुठे परवडतं, हा माझा विषय. माझा शोध असा की वसईच्या या बागाईतदार मंडळाची, बावखलाचं, म्हणजे वाडीतल्या तळ्याचं पाणी वाटून घेणाऱ्या वीसेक घरांची, घटना सगळ्यांचा होकार मागते आणि तरी वहीतला प्रत्येक ठराव एका बैठकीत 'सर्वानुमते मंजूर'. म्हणजे होकार फुकट! प्रकरण तीन पूर्ण याच्यावर उभं. माझे मार्गदर्शक सर तेव्हाच म्हणाले होते, "वृषाली, हे जरा जास्तच गोड आहे." मी दोन दिवस फुगून बसले होते.

वहीत प्रत्येक सभेला सह्यांचे दोन रकाने. एक आल्यावर, एक उठताना. दुसऱ्यात सही नसेल तिथे मी तक्त्यात टाकलं 'लवकर गेले', आणि मोजताना ती नावं वगळली. बागाईतदार माणसं, झाडांना पाणी द्यायचं असेल. हे मीच ठरवलं. विचारलं कुणालाच नाही. अर्थशास्त्र शिकवते मी पोरांना, लाज वाटते.

३० तारखेला प्रबंध द्यायचा. शेवटची मुदतवाढ. ही गेली तर नोंदणीच रद्द, पहिल्यापासून सगळं.

६ जाने.
महेशला सांगितलं. तो भाजी निवडत होता. म्हणाला, "मग 'लवकर गेले' पुसून 'विरोध' लिही, झालं." नवऱ्याला प्रत्येक गोष्ट शोधा आणि बदला या बटणाने सुटते असं वाटतं. विरोध होता, मग ठराव अमलात कसा आला? कधी? ते कुठून आणू?

दुपारी अण्णांना फोन. अण्णा म्हणजे मंडळाचे चिटणीस, वही त्यांच्याकडे.

"अहो मॅडम, दुसरी सही म्हणजे होकार. हे काय विचारायचं असतं?"

"मग सही नसताना 'सर्वानुमते' कसं लिहिता?"

"तसं लिहायची पद्धत आहे. पण शेवटची सही पडेपर्यंत ठराव निजलेला. पडली की उठतो."

"नंतर येऊन करतात सही?"

"करतात की. वहीत आहे सगळं. तुम्ही फोटो काढले ना?"

काढले. शेकडो. फोटोत नंतरच्या सह्या कुठे दिसतायत? त्या जागा कोऱ्याच. हे लिहितानाच जाणवलं, स्कॅनच्या अ‍ॅपने सगळं काळंपांढरं केलंय आणि समास छाटलाय. मला तेव्हा केवढं बरं वाटलं होतं, पानं किती स्वच्छ आली म्हणून.

८ जाने.
कॉलेजात दोन तास घेतले. काय शिकवलं देव जाणे. एका मुलीने विचारलं, मॅडम बरं नाही का? म्हटलं, सर्दी.

११ जाने., रविवार
वाडीवर गेले होते. एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं, बहुतेक माझी लेक ओवी झाली त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

अण्णांनी ओटीवर वही उघडून ठेवली. दुसऱ्या रकान्यात निळ्या सह्यांच्या मधेमधे फिक्या हिरव्या, फोटोत पुसल्या गेलेल्या. आणि समासात, माझ्या अ‍ॅपने जिथे कात्री चालवली तिथे, अण्णांच्या बारीक अक्षरात तिथी. 'पौष शु. २.' 'माघ व. ४.' प्रत्येक हिरव्या सहीला. कोण नाही म्हणालं, आणि होकार यायला किती दिवस लागले, सगळं तिथेच बसलंय. तीन वर्षं माझी वाट बघत.

"हिरवं पेन कशासाठी, अण्णा?"

"उशिराचा होकार. तो वेगळा दिसायला नको?"

जीव भांड्यात पडला. मी ओटीवर रडायलाच लागले. अण्णा घाबरून आत गेले आणि पाणी घेऊन आले, मागून त्यांची सूनही डोकावली. दोघं आपापसात त्यांच्या बोलीत काहीतरी बोलले. अर्धंच कळलं मला, 'शिकलेली' एवढा शब्द होता त्यात.

काकूंची पंपाची सही सापडली. सभा कार्तिकातली, सही माघ व. ४. अडीच महिन्यांच्या वर.

सगळी पानं पुन्हा घेतली. रंगीत. समासासकट.

१४ जाने., संक्रांत
तिथ्यांच्या तारखा करतेय. अण्णांनी जुनी पंचांगं पिशवी भरून दिलीत, हळदीकुंकवाची बोटं लागलेली. ओवीला तिळगूळ देऊन बाजूला बसवलं, ती तिथी वाचते, मी तारीख लिहिते. तिला वद्य आणि शुद्ध कळायला लागलंय. मला तिच्या वयात येत नव्हतं.

काही होकार दोन दिवसांत आलेत, काहींना पूर्ण हिवाळा लागलाय. म्हणजे होकार फुकट नव्हताच. किंमत होती, फक्त ती दिवसांत मोजलेली होती.

१७ जाने.
सरांना सांगितलं. घाबरत घाबरत, सगळं, 'लवकर गेले' पण. फोन कट झाला वाटून मी हॅलो हॅलो केलं.

"ऐकतोय. आता खरं वाटतंय तुमचं. प्रकरण तीन नव्याने लिहा. एक आणि दोनला धक्का नाही. चार थोडं दुरुस्त करा."

"तेरा दिवस आहेत सर."

"मग फोन ठेवा."

चार बदलावं लागेल, पण पडलं नाही. पुन्हा एकदा सुटले.

१८ जाने., रविवार
अण्णांकडे अर्धा तास. मधल्या दिवसांत काय होतं ते विचारायला. नियम असा: समजूत घालायला एकानेच जायचं. दोघं गेले तरी तो दबाव. आणि ज्याचं काम अडलंय त्याने जायचं, चिटणिसाला पाठवायचं नाही, आणि गेल्यागेल्या विषय काढायचा नाही. घटनेत हे कुठेच लिहिलेलं नाही. "लिहिलं असतं तर लोकांनी पळवाट शोधली असती," अण्णा.

हे वाक्य जसंच्या तसं प्र. ३ मध्ये घालतेय. याच्यावर मी इंग्रजीत सहा पानं लिहिली असती.

२३ जाने.
प्र. ३ झालं! महेशने वाचलं म्हणतो. संदर्भसूचीतल्या स्वल्पविरामाची चूक काढली, म्हणजे शेवटचं पान तरी वाचलं असावं.

अण्णांना कळवलं. ते म्हणाले, आता हिरव्या सह्या छापणार म्हणजे कोण कधी अडून बसलं ते बाहेर जाणार, तर मंडळाला विचारायला हवं. परवाच सभा लावतो. बरोबरच आहे त्यांचं. मला सुचायला हवं होतं.

२५ जाने., रविवार
सभा. मी माझं म्हणणं मांडलं, नावं घालणार नाही, घरांना क्रमांक देणार. कुणी हरकत घेतली नाही. एकाने विचारलं, हे लिहून तुमचा पगार वाढणार का? म्हटलं, थोडासा. सगळे खूश. चहा, वालाच्या शेंगा.

अण्णांनी लिहिलं, 'सर्वानुमते मंजूर'. वही फिरली. सुमनकाकूंनी ती मांडीवर घेतली, बघितली, आणि शेजारी दिली.

मग उठून सतरंज्या झटकायला लागल्या.

२६ जाने.
झेंडावंदन. प्राचार्यांनी राज्यघटनेवर भाषण केलं, छान होतं, मी त्यातलं काही ऐकलं नाही. चार दिवस, एक सही, हेच डोक्यात.

सर फोनवर: "वहीत सर्वानुमते लिहिलंय ना? त्या पानाचा फोटो जोडा आणि द्या. विद्यापीठाला तेवढं पुरतं."

पुरतं, खरंच पुरतं. रिकामी जागा बघून कोणीही म्हणेल, लवकर गेल्या असतील. मी स्वतः तीन वर्षं तेच म्हणत होते. आता नाही म्हणता येत.

अण्णांना विचारलं, तुम्ही बोलाल का काकूंशी?

"काम कुणाचं अडलंय?"

"माझं."

"मग?"

२७ जाने.
रजा टाकली. एकटीच गेले. काकू पानवेलीत होत्या. मी नियमाप्रमाणे विषय काढला नाही, त्यांच्याबरोबर पानं खुडायला लागले. वाईट खुडते म्हणाल्या. तासाभराने त्यांनीच काढला.

"तू लिहिलेलं मी वाचलेलं नाय. वाचल्याबिगर मी सही करत नाय. पंपाच्या वेळी पण नाय केली."

"इंग्रजीत आहे काकू."

"मग मराठीत वाचून दाखव. तुला येते ना मराठी?"

एवढंच होतं! मला वाटलं होतं, त्या 'खोटं' लिहिण्याचा राग आहे. तोही आहे म्हणाल्या, पण तो वेगळा.

२८ जाने.
सकाळपासून वाचतेय. इंग्रजी बघून मराठीत सांगायचं म्हणजे घाम फुटतो. 'निर्णयप्रक्रियेतील सीमान्त' असं काहीतरी सुरू केलं की काकू हात वर करतात. मग मी साधं सांगते. दोन ठिकाणी साधं सांगता आलं नाही, कारण तिथे मला स्वतःलाच काय म्हणायचंय ते माहीत नव्हतं. ते परिच्छेद उडवले.

पंपाच्या भागाशी थांबल्या. मी लिहिलंय की एका घराच्या नकारामुळे नवा पंप ताडपत्रीखाली पडून राहिला.

"माझी वाडी टोकाला. पंपाच्या पान्याची पाळी वरून लावली तर ते माझ्याकडं येईस्तोवर ऊन डोक्यावर. वेली करपल्या असत्या. हे लिहिलंस?"

नाही लिहिलं. वहीत नव्हतं.

"आणि पंप पडून राहिला तो माझ्यामुळं? दोन महिने कोण इकडं फिरकलं नाय. मग हे शेजारचे जनूभाऊ आले, पहिल्या दिवशी पंपाचं नाव नाय काढलं, बसून पानं खुडली. चौथ्या दिवशी विचारलं, वहिनी, तुला कधी हवंय पानी? म्हटलं, सकाळी. दिलं. झालं. दोन महिने त्यांनी विचारायला लावले ते कुणाच्या खात्यात टाकतेस तू?"

तक्त्यात ते सगळे दिवस 'नकाराची किंमत' म्हणून धरलेत, नकार देणाऱ्या घरासमोर. न विचारण्याची किंमत असा रकानाच नाही. तिथेच बसून समासात लिहून घेतलं. काकू म्हणाल्या, नीट लिही, अक्षर वाईट आहे तुझं.

२९ जाने.
काकूंचं म्हणणं प्र. ३ मध्ये घातलं, दीड पान. आजवर लिहिलेल्यातलं बरं असं हेच दीड पान असावं. सरांना पाठवलं. उलट उत्तर: "हे कुणी सुचवलं?" म्हटलं, एका वाचकाने.

दुपारी पुन्हा वाचन. सहा पानं राहिली तेव्हा ऊन उतरलं, काकूंची पानांच्या जुड्या बांधायची वेळ झाली. उठल्या. "उद्या ये."

"काकू, उद्या पाचच्या आत मुंबईला द्यायचंय."

"मग सकाळी लवकर ये. अजून मला शेवट कळला नाय."

करतील का सही? विचारलं नाही मी, विचारायचं नसतं. शेवट पटला नाही तर नाही करणार, आणि मग मी काय करीन ते मला आत्ता माहीत नाही. छापखान्यात एक प्रत तिसऱ्या प्रकरणासकट बांधून ठेवलीय, एक त्या प्रकरणाशिवाय. महेशला वाटतं मी टेन्शनमध्ये आहे. नाहीये. तीन वर्षं हे प्रकरण मी, सर आणि स्वल्पविराम एवढ्यांनीच बघितलं होतं. आता कुणीतरी ते शेवटपर्यंत ऐकतंय आणि पुढे काय झालं म्हणून विचारतंय. फार बरं वाटतंय.

येताना अण्णांनी वही माझ्याकडे दिली, पहिल्यांदाच वाडीबाहेर. आणि हिरवं पेन. कागदावर ओढून बघितलं, चालतंय.