बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

१४ ऑक्टोबर, मंगळवार

चि. सूनबाई,

अनेक आशीर्वाद. तू बरी असशील, तुझ्या आईचा गुडघाही. इकडे सगळं ठीक. परवापासून दुकान उघडलंय, पण दोनच तास, तेही तोंडाला मास्क बांधून. जुने सोफे उसवायची डॉक्टरांची मनाई आहे, त्यांच्या धुळीत बुरशी असते म्हणे. नवं कापड तेवढं शिवतो. छातीचा फोटो स्वच्छ आला. तुझी सासू दर तासाला काहीतरी खायला घालते, त्यामुळे मी आता माझ्याच गाद्यांसारखा दिसू लागलोय.

फोन केला नाही, कारण फोनवर मी हवापाण्याचं बोलून ठेवून दिला असता.

तुझे आभार मानायचे राहिलेत. तीन आठवडे न्यूमोनियाची औषधं चालली होती, ताप हटत नव्हता. तूच हट्टाने माझा बेडका बुरशीसाठी तपासायला लावलास. लॅबमधली नोकरी म्हणजे बाटल्या धुणं, असं मी चारचौघांत म्हणायचो. त्याची आता लाज वाटते.

खाटेशी बसून तू समजावलंस ते पाठ आहे. बुरशीचे कण आपण सगळेच रोज श्वासातून घेतो. फुप्फुसात जन्मापासून पहारेकरी पेशी असतात, त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. कण फुगून कोंब काढू लागला की त्याच्या सालीतली साखर उघडी पडते. त्यावरून त्या त्याला ओळखतात, गिळतात, आणखी कुमक बोलावतात. धागे वाढून गिळण्यापलीकडे गेले, तर आलेल्या पेशी त्यांच्यावर विष सोडतात, स्वतः फुटून जाळं टाकतात.

"मग बाबा, तुमच्या पेशी गप्प का बसल्या? स्टेरॉइडने त्या झोपतात, तसलं काही घेत होतात का?" तू विचारलंस. मी नकारार्थी मान हलवली.

घेत होतो. धाप लागली तेव्हा पाच दिवसांपुरत्या मिळालेल्या गोळ्या मी जुनी चिठ्ठी दाखवून पाच महिने घेतल्या. अंगात विशीतली ताकद यायची, ती सोडवेना. दुकानातल्या बटणांच्या डब्यात लपवायचो. डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी खरं सांगितलं, पण घरी कळू देऊ नका म्हणून गळ घातली.

आणि तुझी सासू म्हणाली, हिनेच लॅबमधून कपड्यांवर बुरशी आणली. तुझ्या नवऱ्यानेही तिचीच री ओढली. मी उशीला टेकून ऐकत होतो. मला तेव्हा बोलता येत होतं, सूनबाई. तू माहेरी जायला बॅग भरलीस तेव्हाही मी भिंतीकडे तोंड करून पडलो.

इथपर्यंतचं पत्र आत्ता जेवणाच्या टेबलावर दोघांना मोठ्याने वाचून दाखवलं. तुझी सासू आधी उठून ताटं उचलायला लागली. मग म्हणाली, "तिला लिहा, माझं चुकलं. नको, राहू द्या. मीच सांगते." मुलगा माझ्याशी बोलत नाहीये. त्याचं बरोबर आहे. तो रविवारी तुझ्याकडे येईल, एवढंच आईला सांगून उठला. परत यायचं की नाही, ते तूच ठरव. नाही आलीस, तरी या घरात तुला कुणी बोल लावणार नाही.

'बाबा' अशी सही करायचा हक्क तू परत दिलास तरच करीन. तूर्त,

तू जगवलेला,
तुझा सासरा