रक्तगट तर जुळला होता

२ सप्टें. २००६, शनि. मॉरिसव्हिल, अमेरिका
गणपतीत मंडळाने रक्तदान ठेवलं. हॉलबाहेर मोठी बस. आमचा नितीन सुई पाहूनच डोळे मिटून पडला. कानात म्हटलं, "झालं रे, ऊठ." सुई लागलीच नव्हती अजून! सूनबाई हसून हसून खाली बसली. पाचवा महिना आहे, तिला देता येत नाही.

१८ सप्टें., सोम.
रक्तपेढीचा फोन. नितीनचं रक्त त्यांच्या गाळणीतून उतरेचना, म्हणून तपासलं. सिकलसेल नावाच्या रक्ताच्या आजाराचा वाहक निघाला. त्याला स्वतःला त्रास नाही. पण सूनबाईतही असलं तर बाळाला पुरा आजार होऊ शकतो.
मी म्हटलं, "असं कसं? लग्नात पत्रिका नाही पाहिली मी, रक्तगट पाहिला. दोघांचाही ओ पॉझिटिव्ह!"
नितीन म्हणाला, "आई, गटाचा नि याचा काही संबंध नाही."
बाप्पा! आणि मी गावभर शहाणी म्हणून मिरवली.

२१ सप्टें.
सूनबाई टेस्टला जात नाही. आज जाते, उद्या जाते. भांडी घासता घासता म्हणाली, "आई, आमच्या वर्ध्याकडे याच्यापायी एका काकूला माहेरी धाडलं होतं. माझ्यातही निघालं तर..." आणि नळ मोठा सोडला.
मी नळ बंद केला नि उरलेली भांडी घासली.

२२ सप्टें.
नितीनसोबत जाऊन मीच टेस्टसाठी टोचून आली. सूनबाईला सांगितलं, भाजी आणायला गेलो.

२७ सप्टें., बुध.
माझ्यात आहे! माझ्याकडूनच गेलं पोट्ट्यात. शिरा केला.
सूनबाई म्हणाली, "आई, याचं काय गोड करता?"
"काहून नाही? नाक बापाचं, घोरणं बापाचं. माझं एक तरी निघालं नं त्याच्यात!" फोटोतल्या ह्यांनाही वाटी दाखवली. म्हटलं, जळा.
"आणि कोणाला धाडायचंच झालं, तर आधी मला धाडा. माझा नंबर पहिला."
हसली. मग रडली. मग अजून वाटीभर घेतला.

२९ सप्टें., शुक्र.
सूनबाईने टेस्टला रक्त दिलं, माझा हात धरून. नर्सने विचारलं, ह्या कोण? म्हणाली, "माय मदर."
गाडीत म्हटलं, "दवाखान्यात खोटं बोलून राहिली नं!"
"गप बसा, आई."
रिपोर्ट मंगळवारी. बाळ लाथा मारून राहिलं म्हणून तिने माझा हात पोटावर ठेवून घेतला. घर आलं तरी सोडला नाही.