वाढीचे तीन इंच

ता. २

चि. टिल्लूस आजीचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, माझे गुडघे सोडून.

तर आधी आला तो मिस्त्री. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला गं. दुकानाचं शटर मी अर्धंच वर केलेलं, शिलाई मशीनला तेल घालत होते, आणि हा खालून डोकं आत घालून म्हणतो, तुमच्या टिल्लूसाठी गाडी मिळाली. त्याच्या मागून मास्तरीणबाई, मोटारसायकल ढकलत. पासष्टीची बाई धापा टाकत ढकलतेय आणि हा पुढे हात हलवत. मी त्याला तिथल्या तिथे झापला. तर म्हणाला की बाई गाडीला हात लावू देत नाहीत, मी काय करू. त्यांच्या यजमानांची गाडी ती. ते गेले त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून बाई रोज पुसतात, आठवड्याला एकदा सुरू करतात, पाच मिनिटं आवाज ऐकतात आणि बंद करतात. चालवता येत नाही. ऐकून मला गलबलून आलं, पण लगेच मनात म्हटलं, म्हणजे इंजीन चांगलं असणार.

तुझ्या मागच्या पत्राने बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही, हे आधी सांगते. आपल्या घरात सायकलच्या पुढे कुणाची मजल गेली नाही. आणि तू लिहितेस की लॅब तुला घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचा अख्खा रस्ता नेमून देतेय, फक्त स्वतःची मोटारसायकल हवी आणि महिनाअखेरच्या आत आवारात चालवून दाखवायला हवी. नाहीतर तो रस्ता तुझ्याबरोबर काम करणाऱ्या त्या उंच मुलाला, लांब्याला, मिळणार, आणि तू आणखी दोन वर्षं काउंटरवर बसून नळ्यांना चिकटपट्ट्या लावणार. मी हे तीनदा वाचलं. पहिल्यांदा घाबरले, दुसऱ्यांदा चिडले, तिसऱ्यांदा मला इतका आनंद झाला की समोरच्या गिऱ्हाइकाच्या झब्ब्याला बाही उलटी लावली.

स्कूटर घे म्हणणार होते, पण मिस्त्रीने समजावलं. तुझा रस्ता खडीचा, लहान चाक खड्ड्यात बसतं, मोठं चाक ओलांडून जातं. बाईंची गाडी येण्याआधी मी त्याच्याबरोबर दोन ठिकाणी जाऊन आले होते. एक शोरूम. तिथल्या टायवाल्याने किंमत सांगितली तेव्हा मी खुर्चीत बसलेली होते हे बरं झालं. दुसरी एक काळी दांडगी गाडी, स्वस्तात होती, पण मिस्त्रीने ती नुसती कलती करून माझ्या हातात दिली आणि मी तिच्यासकट खाली चालले होते. तो म्हणतो, शिकणाऱ्याची पहिली गाडी हलकी असावी, तेल कमी पिणारी असावी, आणि पडली तर आपल्याला रडू येऊ नये इतपत जुनी असावी. शिवाय सगळ्यात मोठी गोष्ट, बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला पुरते टेकले पाहिजेत.

हे शेवटचं माझ्या खात्यातलं. मी टेप काढली. मास्तरीणबाईंच्या गाडीची सीट जमिनीपासून एकतीस इंच. मग मापाची वही काढली, तुझं पान उघडलं. पायाचं आतलं माप, एकतीस. मी वही मिस्त्रीच्या नाकासमोर धरली. तो म्हणाला, मुलीला एकदा बसून बघू दे. पण ही गाडी दूधवाल्यानेही मागितलेली, तो दुपारी न्यायला येणार होता, आणि तू दोन तासांवर. मी म्हटलं, माझ्या वहीवर गावातले अर्धे लोक पाटलोणी घालतात. गाडी ठरवून टाकली. तुझ्या चार पगारांत बसते. सोमवारी टेम्पोने येईल. बाईंनी जाताना टाकीवरून हात फिरवला.

जेवत जा. लोभ आहे तेवढा असू दे, कमी पडला तर कळव.

तुझी आजी

ता. ९

ती. आजीस टिल्लूचा सा. न.

गाडी मिळाली. चकचकीत आहे, पहिल्या किकला सुरू होते, आवाज इतका सभ्य की शेजारच्या काकू खिडकीत येऊन परत गेल्या. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचून तू मिस्त्रीकाकांच्या अंगावर जाणार नाहीस.

आजी, माझे पाय टेकत नाहीत. नुसती बोटं पोचतात, तीसुद्धा एका वेळी एकाच पायाची. शिकवणीची गाडी बुटकी होती, तिच्यावर आठ दिवस मी राणीसारखी फिरले. वाटलं, सवयीने जमेल. खोलीतली मैत्रीण मागून धरायची आणि मी चालवायचे. चालताना काही होत नाही गं. थांबले की होतं.

काल आवारात चाचणी होती. थोरल्या बाई, म्हणजे आमच्या लॅबच्या मुख्य, वही घेऊन उभ्या. मी दोन फेऱ्या छान मारल्या, नमुन्यांची पेटी मागे बांधलेली. तिसऱ्या फेरीला त्यांनी थांबायला हात केला. थांबले, डावा पाय टाकला, आणि पायाखाली जमीन होतीच कुठे. गाडी माझ्यावर, पेटी बाईंच्या पायाशी, आणि रिकाम्या नळ्या आवारभर. लांब्या वेचत होता. हसला नाही, त्याचंच जास्त लागलं. ब्रेकचा दांडा वाकला, माझा गुडघा सुजला, हाड शाबूत आहे.

बाई ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सोमवारी पंचवीस तारीख. त्या दिवशी पुन्हा बघू, त्यानंतर नाही."

आता मला एक खरं सांग. तू टेप कुणाला लावली होतीस? मी तुझ्याकडे होते तोवर एकतीस इंचांची कधी झाले? काउंटरवरची मुलगी मला उभी असताना विचारते की बसलीस का म्हणून.

रागावले नाहीये, चक्रावले आहे. उत्तर लगेच दे. तुझा लोभ माझ्या पायांपेक्षा लांब आहे, तो तसाच राहावा.

तुझी टिल्लू

ता. १२

चि. टिल्लूस,

गुडघ्यावर शेक घे, मग वाच.

तुझं पत्र आलं तेव्हा हातात कात्री होती, ती तशीच राहिली. गिऱ्हाईक दोनदा आजी आजी म्हणालं. मी वही काढली. तुझं पान बघितलं, आणि चूक कुठे झाली ते कळलं.

टिल्लू, ते तुझं माप नाही.

लहान मुलांचं माप मी खरं कधी लिहितच नाही. तुझ्या आजोबांची शिकवण ती. मूल वर्षात वाढतं, आईबापांना पुन्हा पुन्हा कापड परवडत नाही, म्हणून पायाला तीन इंच जास्त धरायचे, ते आत दुमडून शिवायचे, आणि मूल वाढलं की दुमड सोडायची. वहीत जास्तीचंच माप लिहायचं, म्हणजे कापताना विसर पडत नाही. गिऱ्हाईक मोठं झालं की पान फाडून नवं खरं माप घ्यायचं. सगळ्यांचं घेतलं. तुझं घेतलं नाही.

तू अकराची होतीस, आई गेल्यावर माझ्याकडे आलीस तेव्हा. तुझी आई केवढी उंच होती. दाराच्या चौकटीला तिचं डोकं लागायचं. मला वाटायचं, ही पण वाढणार. दर वर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी दुमड सोडू. तू तेरा वर्षांची झालीस, सोळाची झालीस, नोकरीला लागलीस. तेराव्या वर्षी लिहिलेल्या त्याच एकतीस इंचांनी मी कापत राहिले आणि दुमडत राहिले. तुझ्या अंगावर पाटलोण बरोबर बसायची, त्यामुळे माझंही लक्ष गेलं नाही. खोटं कशाला बोलू, गेलं होतं. पान फाडवलं नाही. फाडलं असतं तर तू वाढायची थांबलीस असं झालं असतं, आणि तुझ्या आईचं काहीच राहिलं नसतं.

इतकी वर्षं लोकांच्या चुका मी उसवून दिल्या, आणि स्वतःच्या नातीला खोट्या मापाची गाडी घेऊन दिली. तुझ्या अंगावर पडली ती. मिस्त्रीला सांगायला गेले तर त्याने पाना खाली ठेवून मला बसायला स्टूल दिलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मग तोच म्हणाला की लोखंड कमी करता येत नाही, पण सीट म्हणजे फोम आणि रेक्झीन, ते तुमचं काम. तर ऐक. सीटच्या खाली मागे दोन बोल्ट आहेत. ते काढ, सीट उपटून काढ, जाड कापडात गुंडाळ आणि सकाळच्या बसच्या कंडक्टरकडे दे. मी स्टँडवर उभी राहीन. आणि मैत्रिणीकडून तुझं आतलं माप घे. अनवाणी. भिंतीला टेकून. मला बरं वाटावं म्हणून अर्धा इंचसुद्धा वाढवू नको.

लोभ ठेवशील तर उपकार होतील.

आजी

ता. १६

ती. आजीस सा. न.

सीट या पत्राबरोबर आहे. कंडक्टरने विचारलं की आत काय, मी सांगितलं सीट, तो म्हणाला बसमध्ये आहेत की पुष्कळ. खाली उभी गाडी आता पिसं काढलेल्या कोंबडीसारखी दिसते.

माप अठ्ठावीस. मैत्रिणीने दोनदा घेतलं.

तुझं पत्र वाचून मी कपाट उघडलं आणि एकेक पाटलोण उलटी करून बघितली. आजी, सगळ्यांत आहे. कामाच्या निळ्या, घरातली जुनी, गेल्या वर्षीची करडी. सगळ्यांना आत तीन-तीन इंच, एवढ्या बारीक टाक्याने की बाहेरून कळत नाही. मी हे कपडे रोज घालते. मी इस्त्री करते. दुमड जाड का लागते असं वाटायचं, पण तुझी शिलाईच तशी असेल असं धरून चालले होते. एक पाटलोण पूर्ण सोडून घातली आणि खोलीभर फिरले, पायघोळ घालून नाटकात निघाल्यासारखी. मैत्रीण हसत होती. मग मी पलंगावर बसले. इतकी वर्षं मी आईची पाटलोण घालून फिरत होते, आणि कुणी सांगितलं नाही.

राग येतो आणि टिकत नाही.

पंचवीसच्या सोमवारआधी निदान पाच दिवस सराव हवा. सीटच्या प्रवासात जास्त दिवस घालवू नकोस. लांब्याने कालच रस्त्याचा नकाशा मागून घेतलाय. हा रस्ता कुठे जातो ते मी तुला मुद्दाम सांगितलेलं नाही, मिळाला तर सांगेन.

लोभ दुमडून ठेवू नकोस, सगळा लागणार आहे.

टिल्लू

ता. १८

चि. टिल्लूस आशीर्वाद.

सीट दुपारच्या बसने परत पाठवली. फोम वरून दोन इंच तासला, ब्रेड कापायच्या सुरीने, कात्री चालेना. पण खरी गंमत पुढच्या भागात केली आहे. सीट पुढे उगाच रुंद होती, मांड्या फाकायच्या आणि पाय तिरका खाली जायचा, त्यात इंच वाया. पाटलोणीचा घेर कमी करतो तशा दोन्ही कडा निमुळत्या केल्या. आता पाय सरळ खाली येईल. मागचा भाग आहे तसा ठेवला, तिथे पेटी बसायची. काळं रेक्झीन, दुहेरी शिलाई. मशीनच्या चार सुया मोडल्या, शेवटी हाताने शिवलं.

मी मिस्त्रीच्या गॅरेजात बसूनही बघितलं, तसल्याच दुसऱ्या गाडीला लावून. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता, हसत असणार. मास्तरीणबाईंना कळलं होतं. मला वाटलं आता रागावणार, त्यांच्या यजमानांची सीट मी कापली. त्यांनी फोमचे तुकडे पिशवीत भरले आणि म्हणाल्या, उशी करीन.

राहिलेल्या एका इंचाला जाड तळव्याचे बूट घे. बोल्ट घट्ट आवळ. थांबताना आधी ब्रेक, मग पाय, हे मिस्त्रीचं.

सोमवारी मी दुकान उघडणार नाही. नीट कापता येणार नाही त्या दिवशी.

लोभ सगळा पाठवलाय, सीटच्याच गाठोड्यात.

आजी

ता. २८

चि. टिल्लूस,

तू आत्ता गेलीस, अजून गल्लीत धूर असेल, आणि मी लिहायला बसले. कारण तू होतीस ती वीस मिनिटं चहा करण्यातच गेली, बोलायचं राहून गेलं. सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवारी पत्र नाही. मी मनाशी धरून चालले होते की रस्ता लांब्याला गेला आणि तू सांगायला टाळतेयस. आज सकाळी काही खाल्लंही नव्हतं.

तेवढ्यात दुकानासमोर मोटारसायकल थांबली. हेल्मेटवाला एक बुटका माणूस, आणि मागे पोक्त बाई, पेटी मांडीवर धरून बसलेली. माझ्या दारातच लावली. मी आतूनच ओरडले की इथे गिऱ्हाईक येतं, गाडी पुढे घ्या. हेल्मेटवाला हलेना. मी गजपट्टी घेऊन बाहेर आले. खरंच मारली असती गं. मग त्या हेल्मेटमधून आवाज आला, "आजी, पाय बघ."

मी बघितले. दोन्ही टाचा. जमिनीवर, फरशीला चिकटून, इंजीन चालू, मागे एवढी वजनदार बाई बसलेली, आणि गाडी तसूभर कलत नव्हती.

मी गजपट्टी खाली ठेवली. तू हेल्मेट काढलंस, काहीबाही सांगत होतीस, मला अर्धंमुर्धं कळलं. की सोमवारी जमलं. की थोरल्या बाई नव्या माणसाच्या पहिल्या दोन फेऱ्यांना स्वतः मागे बसून बघतात. की हा रस्ता सगळ्यात लांबचा आणि खराब, म्हणून आधी कुणालाच नको होता, आणि तू तो मागितलास. कारण त्याचं शेवटचं टोक म्हणजे आमच्या गावचा दवाखाना. नमुने तिथे जमा करायचे. आणि तिथून माझं दुकान चार मिनिटांवर. हे तू महिनाभर पोटात ठेवलंस. माझ्या पोटात एवढं कधी राहिलं नसतं.

थोरल्या बाईंशी मी धड बोललेही नाही, माफी माग. त्या उतरताना कंबर धरून म्हणाल्या की पुढची सीट छान झाली आहे, मागच्या भागाकडेही कुणीतरी लक्ष द्यायला हवं होतं. चहा घेतला, दुकान बघितलं, मापाची वही चाळली. तुझ्या पानाच्या जागी थांबल्या, म्हणाल्या, हे काय फाडलेलं. मी म्हटलं, जुनं होतं. फाडलेलं पान घरी आहे, ते तुला देईन किंवा देणार नाही, ठरलं नाही.

तुम्ही वळलात तेव्हा मास्तरीणबाई त्यांच्या दारात उभ्या होत्या. आवाज ओळखून बाहेर आलेल्या. तू हॉर्न दिलास. त्या अजून तिथेच आहेत.

आज आता शिवणकामात लक्ष लागायचं नाही, म्हणून दुकान बंद करते. मिस्त्रीला सांगायचंय, शेजारणीला सांगायचंय, बसस्टँडवरच्या कंडक्टरलाही सांगणार. लोभ होता तसाच आहे, आता तो आणायला तुला दोन तास लागतात एवढंच.

गावाकडची फेरी दर पंधरवड्याला, म्हणून थोरल्या बाई आणि तू, दोघी एक गुरुवार सोडून पुढच्या गुरुवारी, अकराच्या सुमाराला, पेटी रिकामी करून येतो म्हणालात. बारा तारीख. भिंतीवर लिहून ठेवली आहे.

तुझी आजी