मदाम इनायत यांचं नाव काढताना

रविवार, १८ ऑक्टोबर

आलो एकदाच्या! अलेक्झांड्रियात घर मिळालं, नोकरी मिळाली आणि जुमाना माझ्याजवळ आहे. दोन वर्षं पोर मन्सूऱ्याला आईकडे आणि मी कैरोत. शुक्रवारी भेटायला गेले की निघताना पायाला मिठी मारून बसायची. पाच वर्षांच्या मुलीच्या हातात एवढा जोर कुठून येतो देव जाणे. आता ते संपलं. खोली एकच आहे, पण बाल्कनीतून दोन इमारतींच्या मधून बोटभर समुद्र दिसतो. नवऱ्याशी काडीमोड झाल्यापासून मी इतकी खूश कधी नव्हते. घरात आम्ही दोघीच.

ऑफिस बंदराजवळ आहे. जहाजानं आलेला माल जकातीतून सोडवून द्यायचा, हा त्यांचा धंदा. दारातच बयूमीकाका भेटले, सगळे त्यांना अम्म बयूमी म्हणतात. सत्तरीचे आहेत, चहा-कॉफीचं खातं त्यांच्याकडे. म्हणाले, या बाशमुहंदिसा, या इंजिनियरबाई, आमच्याकडे कॉम्प्युटर बिघडला की आधी फातिहा म्हणतात, तेवढ्यानं नाही भागलं तर तुमच्यासारख्यांना बोलावतात. शेजारच्या टेबलावर नर्मीन बसते. तिच्या जिभेला हाड नाही. पाच मिनिटांत तिनं माझा पगार, माझा घटस्फोट आणि बुटांची किंमत विचारून घेतली. मला आवडली.

मंगळवार, २० ऑक्टोबर

काम कळलं. ऑफिसचे सगळे कागद नेटवर असतात. प्रत्येक कागदाला एक यादी जोडलेली असते: मालक कोण, लेखक कोण, नुसता वाचक कोण. बारा वर्षांत या याद्यांचा उकिरडा झालाय. सोडून गेलेले, हाकललेले, लग्न करून कॅनडाला गेलेले, सगळे अजून ठाण मांडून आहेत. चार हजार कागद हातानं उघडून साफ करायचे म्हणजे म्हातारी होईन. म्हणून एपीआय. म्हणजे मी प्रोग्राम लिहायचा आणि त्यानं थेट सर्व्हरला निरोप द्यायचा, की या कागदावरून या माणसाचं नाव काढ. सर्व्हर 'काढलं' म्हणतो किंवा 'नाही' म्हणतो. दोनच गोष्टी. सरळ काम.

पण या ऑफिसात सरळ काही होऊ देतील तर ना. जवळजवळ सगळ्या कागदांच्या मालक एकच, मदाम इनायत. तीस वर्षं दफ्तर सांभाळलं, मूलबाळ नाही, ऑफिस हाच संसार. तीन तारखेला वारल्या. आणि इथला रिवाज असा, की मृत्यूनंतरचा चाळिसावा दिवस होईपर्यंत गेलेल्या माणसाचं नाव कुठूनही काढायचं नाही. दारावरची पाटी नाही, खुर्ची नाही, कागदही नाहीत. अम्म बयूमी रोज सकाळी त्यांच्या टेबलावर बिनसाखरेची कॉफी ठेवतात. चाळिसावा अकरा नोव्हेंबरला आहे. तोवर मी काय करू, माश्या मारू?

गुरुवार, २२ ऑक्टोबर

डोकं फुटायची वेळ आलीय. सफरचंदांचे तीन कंटेनर बंदरात अडकलेत. कागदात एक आकडा बदलायचा आहे आणि तो अधिकार फक्त मालकाला. मालक कोण? मदाम इनायत. साहेब, उस्ताझ लबीब, माझ्यावर ओरडले, की तुला कशाला घेतलंय? म्हटलं, मग काढू का नाव? तर म्हणाले, अस्तग़्फिरुल्ला, बाईचा चाळिसावा होऊ दे! म्हणजे काम झालंच पाहिजे आणि हात लावायचा नाही. नर्मीन म्हणाली, अगं, एवढ्या वर्षांत त्यांनी स्वतःच्या बहिणीला पेन दिलं नाही, तुला कागद देतील होय?

रविवार, २५ ऑक्टोबर

केलं. काय व्हायचं ते होवो.

सकाळी सफरचंदवाल्याचा फोन आला. पठ्ठ्या माझ्या सात पिढ्यांची विचारपूस करून गेला. तळपायाची आग मस्तकात गेली. ऑफिसची मुख्य किल्ली, म्हणजे सगळ्या परवानग्या बदलणारा पासवर्ड, माझ्याकडे आहे, तिच्या जोरावर प्रोग्राम चालवला. सर्व्हरनं आधी नन्नाचा पाढा लावला. कागद बिनमालकाचा राहू शकत नाही म्हणे, आधी नवा मालक द्या, मग जुना काढा. ठीक. नव्या मालकाच्या जागी माझंच नाव घातलं, तात्पुरतं. चार हजार तीनशे बारा वेळा उत्तर आलं: काढलं, काढलं, काढलं. कान तृप्त झाले. सफरचंदं दुपारपर्यंत सुटली.

लबीबसाहेबांनी नुसतं पाहून घेतलं. अम्म बयूमींनी मात्र मदामच्या टेबलावरचा कप उचलला आणि माझ्यापुढे आणून ठेवला. मी म्हटलं, मी साखरेची पिते. ते म्हणाले, आता हीच प्यावी लागेल, बाई. म्हातारा खवचट आहे.

सोमवार, २६ ऑक्टोबर

ये रे माझ्या मागल्या! चार हजार तीनशे बारा कागद, मालक मदाम इनायत. जणू काल काही झालंच नाही.

दोनदा प्रोग्राम चालवला. दोन्ही वेळा 'काढलं' म्हणाला आणि तासाभरात बाई पुन्हा जागेवर. मग नोंदी काढल्या. हा बदल कुणी केला ते सर्व्हर लिहून ठेवतो. लिहिलं होतं: नश्वा, सकाळी आठ चाळीस. म्हणजे मी. आठ चाळीसला मी बालवाडीच्या फाटकात जुमानाच्या बुटांचे बंद बांधत होते. कुणीतरी माझा पासवर्ड चोरलाय. बदलला. कोण आहे ते सापडू दे, सोलून काढते.

बुधवार, २८ ऑक्टोबर

पासवर्ड दोनदा बदलला. पालथ्या घड्यावर पाणी.

आज एक मेल आली. आपल्याला न दिलेला कागद बघायचा असला की माणूस परवानगी मागतो, तसली ठरावीक मेल: 'मदाम इनायत आपल्या कागदाची परवानगी मागत आहेत.' कागद कुठला? हा. मी ही रोजनिशी फोनवर लिहिते, वही आणली की जुमाना त्यात मांजरं काढते. हिचं नाव, हिचं अस्तित्वसुद्धा कुणाला माहीत नाही.

सरळ नर्मीनच्या टेबलावर गेले आणि सगळ्यांसमोर बोलले, की मेलेल्या बाईच्या नावानं चेष्टा करायला लाज वाटत नाही का. ती रडायलाच लागली. आईची शपथ घेतली. मदामचं खातं त्या वारल्या त्याच दिवशी बंद केलंय, असं लबीबसाहेब म्हणाले. बंद खात्यातून मेल जात नाही. हे मलाच माहीत असायला हवं, तोच माझा धंदा आहे.

'नाकारा' दाबलं. पुन्हा आली. पुन्हा दाबलं. दिवसभरात एकोणीस वेळा.

रविवार, १ नोव्हेंबर

ऑफिसच्या कागदांवर मी आता लेखकही नाही. नुसती वाचक. सगळं दिसतं, कशालाही हात लावता येत नाही. मुख्य किल्ली चालत नाही. सर्व्हर म्हणतो, परवानगी नाही. अरे, परवानग्या देणारी मी आहे!

लबीबसाहेब दारातून हाक मारून गेले, मदाम इनायत, तो फायलीचा गठ्ठा आणा जरा. नर्मीन फिस्सकन हसली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून टाइप करायला लागली. साहेबांना आपण काय म्हणालो ते कळलंच नव्हतं.

मंगळवार, ३ नोव्हेंबर

अम्म बयूमींना गाठलं. आज टोमणे नव्हते. म्हणाले, गेलेल्या माणसाचा जीव चाळीस दिवस आपल्या जागेभोवती असतो. जागा मोकळी दिसली, नाव दिसलं, की समाधानानं जातो. तू नाव काढलंस ते काढलंस, वर स्वतः तिथे बसलीस. मग ती कुठे बसेल? तुझ्या जागी. तू तिच्या चार हजार जागा घेतल्यास, ती तुझ्या घेईल. तुझ्या असतील थोड्याच.

मी विचारलं, आणि चाळिसाव्याला? ते म्हणाले, चाळिसाव्याला एकीला जावंच लागतं. दोघींपैकी जिला जागा नसेल, ती.

मी हसले. खरंच हसले.

गुरुवार, ५ नोव्हेंबर

सगळं परत द्यायचं ठरवलं. घ्या बाई तुमचे कागद, मला काय करायचेत! नवा प्रोग्राम लिहिला. प्रत्येक कागदाला हात जोडून सांगितलं, की नश्वाचा इथे काही हक्क नाही, कधीच नव्हता.

परवानगी नाही. परवानगी नाही. परवानगी नाही. द्यायलाही परवानगी लागते. कागद त्यांच्या नावावर आधीच आहेत, मी परत करणार काय? कपाळ माझं! माफीही मागता येईना. बोलूनसुद्धा पाहिलं, रिकाम्या खुर्चीसमोर उभं राहून, सगळ्या ऑफिसदेखत. कुणी मान वर केली नाही. मी तिथे नसल्यासारखं.

संध्याकाळी जिन्यावर घरमालकीण भेटली. म्हणाली, नवीन भाडेकरू फार सभ्य बाई आहे हो, मदाम इनायत. तुम्ही त्यांच्याकडे आलात का?

रविवार, ८ नोव्हेंबर

जुमाना जेवताना म्हणाली, आज मला मामानं कुरस दिला, तीळ लावलेला गोड पाव. मामा म्हणते ती मला, म्हणजे आईला; पण मी दिला नव्हता. कुठली मामा? मामा, म्हणाली, फाटकातली. तू नव्हे. ती हळू बोलते. ती ओरडत नाही.

मी ओरडले. मग किती वेळ तिला पोटाशी धरून बसले. माझं बाळ. माझं.

सोमवार, ९ नोव्हेंबर

बालवाडीत गेले. मुलांना न्यायला कोण येऊ शकतं, त्याची यादी असते. ती पण कागदच. नेटवरचा. मिस इब्तिसामनी उघडून दाखवली.

जुमाना. न्यायला परवानगी: इनायत.

एकच नाव. मी म्हटलं, मी आई आहे! जन्माचा दाखला काढून दाखवला. तो वाचून त्या कसनुसं हसल्या आणि परत दिला. म्हणाल्या, यावर तर मदामचंच नाव आहे, तुम्ही कोण ते सांगा ना. मी वाचला नाही. नाही वाचणार.

जुमाना खिडकीतून हात हलवत होती. मी आत घुसले, तिला उचललं आणि पळाले. स्वतःचीच पोर चोरून आणली.

मंगळवार, १० नोव्हेंबर

आज घरीच. दाराला कडी, वर कपाट लोटलंय.

मन्सूऱ्याला आईला फोन केला. म्हटलं, आम्ही येतोय, आत्ताच्या आत्ता. आई म्हणाली, कोण बोलतंय? मी म्हटलं नश्वा. ती म्हणाली, बाई, नंबर चुकला. पाठीमागे रेडिओ चालू होता, आमचा, खरखरणारा—

या रोजनिशीची यादी पाहिली. मालक: मदाम इनायत. लेखक: नश्वा.

जुमानाला लिहायला शिकवायचं होतं यंदा. निदान नाव—

बुधवार, ११ नोव्हेंबर

सकाळ. ऊन आहे. जुमानाला दूध दिलं. 'शुक्रन' म्हणाली. मला कधी शुक्रन म्हणत नाही ती.

दहा वाजता. केस विंचरू देत नाही. आखडून बसते.

मी तिला तिच्या जन्माची गोष्ट सांगितली. पाऊस, टॅक्सी, सगळं. लक्ष देऊन ऐकलं. मग गल्लीतल्या बायकांना म्हणते तसं, अगदी शहाण्यासारखं, विचारलं—तांत, माझी मामा कधी येणार?

तांत म्हणाली. मावशी. मला.

बारा. मशिदीत अजान. ऑफिसात आता चाळिसाव्याचे कुरस वाटत असतील.

जिन्यात पावलं. हळू. दम खात खात. वय झालेल्या बाईची

जुमाना उठली. दाराकडे—धरलंय मी तिला, दोन्ही हातांनी—एका हातानं, दुसऱ्यानं लिहितेय—ती ओरडतेय, सोडा मला, मामा आली—

कपाट सरकलं. मी नाही सरकवलं

यादी बदलली. नश्वा: वाचक. पण वाचकाला लिहिता येत नाही. मला येतंय. मी अजून लिहितेय, म्हणजे मी अजून